टुक टुक कुठून येतंय?

उन्हं चढू लागली की मुलुंड-बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीतल्या उंबरावर 'टुक... टुक... टुक...' असा ठोका सुरू होतो. पाच वर्षांची मुलगी मान वर करून शोधू लागते. आवाज घडीत डावीकडून, घडीत उजवीकडून आल्यासारखा वाटतो, कारण तांबट पक्षी ओरडताना डोकं वळवत राहतो. चोच मिटलेली, गळा तेवढा फुगलेला. पानांत मिसळणारा हिरवा रंग, लाल कपाळ, पिवळा गळा आणि चिमणीहून थोडीशीच मोठी चण. तो सापडेपर्यंत दहा मिनिटं सहज जातात. 'शांत बस' असं कुणीही न सांगता मुलगी तेवढा वेळ एका जागी, कान टवकारून उभी राहते.

मुलांना पक्षी दाखवताना मराठी नावं मोठी मदत करतात, कारण ती निरीक्षणातूनच जन्मली आहेत. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा आवाज, म्हणून तांबट. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. शेपटीचा पंखा पसरून फांदीवर नाचतो तो नाचण. शेपटीखाली लाल असतो तो लालबुड्या बुलबुल. म्हणून मोठ्यांनी नाव सांगायची घाई करू नये. 'हा काय करतोय बघ' म्हणावं आणि आधी मुलांनाच त्याचं बारसं करू द्यावं.

वेळ थोडाच ठेवावा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर होणाऱ्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'मध्ये किमान 15 मिनिटं पक्षी मोजायचे असतात. हे माप लहानग्यांनाही झेपतं. दुर्बीण नसली तरी चालतं. वही आणि रंगीत खडू पुरतात. मोठ्यांनी मोबाइल खिशात ठेवावा, त्यांचाही फायदाच आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या 2022 सालच्या अभ्यासात, पक्षी पाहिल्या-ऐकल्यावर वाटणारी प्रसन्नता आठ तासांपर्यंत टिकत असल्याचं आढळलं.

सुरुवात खिडकीतल्या कावळ्या-साळुंक्यांपासून करावी. मग बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, गोरेगावला चित्रनगरीच्या आवारात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. तिथे जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी लागते. चिखल उघडा पडला की ते पसरून चरू लागतात. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा का हटतं, हा प्रश्न मग मुलं स्वतःहून विचारतात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दारात लहानपणी पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली एक प्रश्न घेऊन गेले होते. त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे त्यांना हवं होतं. सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय संस्थेचा संग्रहही उघडून दाखवला. 1941 मध्ये त्याच मुलाचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. आजच्या मुलांच्या हाती बंदूक नको आहे, पण उत्तर शोधायला सोबत येणारं मोठं माणूस हवंच आहे.

घरट्याजवळ जायचं नाही आणि पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज लावायचा नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवावेत. महाराष्ट्रात निसर्गलेखक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात रोज सकाळी एकाच झाडाखाली 15 मिनिटं उभं राहिलं, तर वहीची आठ पानं भरतील.