आपला ब्राउझर, आपली अक्षरे

संगणकावर किंवा मोबाइलवर इंटरनेट पाहताना तुम्ही एका लहानशा चित्रावर बोट ठेवता आणि एक खिडकी उघडते. बहुतेक मुले तिला 'नेट' किंवा 'गूगल' म्हणतात. तिचे खरे नाव ब्राउझर. गूगल ही कंपनी आहे आणि क्रोम हा तिचा ब्राउझर आहे. फायरफॉक्स, एज, सफारी, ऑपेरा असे आणखी अनेक ब्राउझर आहेत. नव्या फोनमध्ये किंवा संगणकात एखादा ब्राउझर आधीच बसवलेला असतो. पुष्कळ माणसे तोच वर्षानुवर्षे वापरतात. दुसरा घेता येतो, तोही विनामूल्य, हे त्यांच्या गावीही नसते.

ब्राउझर काय काम करतो? पूर्वी उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. चेन्नईच्या 'द मुसलमान' या १९२७ साली सुरू झालेल्या दैनिकाची ती परंपरा तर अलीकडेपर्यंत प्रसिद्ध होती. संपादक मजकूर देई आणि कातिब तो कागदावर उतरवी. मजकूर एकच, पण कातिब बदलला की वळण बदले. ब्राउझर हा संगणकातील कातिब आहे. दूरच्या संगणकाकडून त्याला मजकूर मिळतो आणि तो पडद्यावर मांडतो.

हा मजकूर मात्र आकड्यांच्या रूपात येतो, कारण संगणकाला अक्षरे कळत नाहीत. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. १९९१ मध्ये या पद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. आपल्या तालुक्याचे नाव घ्या. 'मुळशी' हा शब्द संगणकाला असा दिसतो : म २३५०, उकार २३६९, ळ २३५५, श २३५८, दीर्घ ईकार २३६८. उर्दूतील मीमचा क्रमांक १६०५. (उर्दूत 'ळ' नाही, म्हणून मुळशी लिहिताना आपण लामवर भागवतो, ही गोष्ट वेगळी!)

आता एक खरी हकीकत ऐका. भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रे इंटरनेटवर आली. पण तेव्हाच्या संगणकांवर युनिकोडमधील देवनागरी नीट दिसत नसे. म्हणून अनेक वर्तमानपत्रांनी एक युक्ती केली. त्यांनी स्वतःचे फॉन्ट बनवले. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. म्हणजे आत इंग्रजी 'के' लिहिलेला असे आणि पडद्यावर एखादा काना किंवा 'ळ' दिसे. शिवाय प्रत्येक फॉन्टमध्ये 'ळ'ची जागा वेगळी! फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग. अशा पानांवर 'मुळशी' हा शब्द शोधताही येत नसे, कारण तो तेथे लिहिलेलाच नव्हता.

वाचकाला प्रत्येक फॉन्ट उतरवून घ्यावा लागू नये म्हणून काही ठिकाणी तो पानाबरोबरच पाठवीत. ही सोय मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरमध्ये होती. त्या काळी जवळजवळ प्रत्येक संगणकावर तोच असे, त्यामुळे कोणाची अडचण झाली नाही.

९ नोव्हेंबर २००४ रोजी मोझिला या ना-नफा संस्थेने फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती काढली. तो एकाच खिडकीत अनेक पाने उघडी, नको असलेल्या जाहिरातींच्या खिडक्या अडवी. पुष्कळांनी ब्राउझर बदलला. पण मराठी वाचकाने नव्या ब्राउझरमध्ये आपले वर्तमानपत्र उघडले, तर तेथे मराठीच नाही! पानाबरोबर येणारा तो विशिष्ट प्रकारचा फॉन्ट फायरफॉक्सला वाचता येत नव्हता. कातिब बदलला आणि अक्षरे गेली. बातम्यांसाठी जुना ब्राउझर आणि बाकी सगळ्यासाठी नवा, अशी दुहेरी कसरत सुरू झाली.

यातून मार्ग काढला तो एका एक्स्टेन्शनने. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला बाहेरून बसवायचा लहानसा जोड. शिवणयंत्र तेच ठेवून काज करण्याचा वेगळा भाग बसवतात, तसाच हा प्रकार. 'पद्मा' नावाचे एक्स्टेन्शन मुळात तेलुगूसाठी तयार झाले आणि नंतर त्यात देवनागरीसह इतर भारतीय लिप्या आल्या. ते ओळखीच्या फॉन्टमधील तुकडे वाची, त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करी आणि पान पडद्यावर नीट मांडी. ब्राउझर बनवणाऱ्यांनी आपली अडचण सोडवण्याची वाट न पाहता आपल्याच देशातील भाषा जाणणाऱ्यांनी ती सोडवली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढे वर्तमानपत्रांनी स्वतःच युनिकोड स्वीकारले आणि ही गरज संपली. २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सने जुन्या पद्धतीची सर्व एक्स्टेन्शन बंद केली. इंटरनेट एक्स्प्लोररही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला.

मराठीचा प्रश्न सुटला. उर्दूचा मात्र अर्धाच सुटला आहे. तुमची पाठ्यपुस्तके नस्तालीक वळणात छापलेली असतात. नस्तालीकमध्ये शब्द वरून खाली उतरत जातो आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षर आपला आकार बदलते. छपाईसाठी ते यंत्रावर आणणे फार कठीण होते. मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये 'नूरी नस्तालीक' तयार केले, तेव्हा त्यासाठी हजारो जोडाकृती काढाव्या लागल्या. इंटरनेटवर तर बरीच वर्षे उर्दू वर्तमानपत्रे पानाचे चित्रच काढून ठेवत. आता युनिकोड आहे, पण क्रमांकावरून फक्त अक्षर कळते, वळण कळत नाही. म्हणून कित्येक ब्राउझर उर्दू मजकूर नस्ख वळणात, म्हणजे सरळ ओळीत मांडतात. अक्षरे सगळी बरोबर, तरी वाचताना अडखळायला होते. पुस्तकातील धडा सहज वाचणारी मुले पडद्यावरची उर्दू बातमी चार ओळींत सोडून देतात आणि इंग्रजीकडे किंवा व्हिडिओकडे वळतात, असे मी पाहिले आहे. दोष मुलांचा नाही.

यावर उपाय तुमच्या हातात आहे. संगणकावर फायरफॉक्स घ्या. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट विनामूल्य मिळतो, तो बसवा. मग सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या जागी जाऊन अरबी लिपीसाठी तो निवडा. पान स्वतःचा फॉन्ट लादत असेल, तर तशी परवानगी काढून घेण्याची खूणही तेथेच आहे. मात्र ती सर्वच पानांना लागू होते आणि काही पानांवरील बारीक चिन्हे बिघडतात. त्यापेक्षा फक्त उर्दू मजकुराला नस्तालीक देणारे एक्स्टेन्शन बरे. नस्तालीकला ओळ उंच लागते, नाहीतर शब्दांची टोके कापली जातात. चांगले एक्स्टेन्शन ओळींतील अंतरही वाढवते.

ब्राउझर बदलला तर जुने सगळे हरवेल, अशी भीती बाळगू नका. तुम्ही खूण करून ठेवलेली पाने नवा ब्राउझर जुन्यातून स्वतः आणतो. दोन्ही ब्राउझर एकाच संगणकावर सुखाने राहू शकतात. महिनाभर दोन्ही वापरून पाहा.

आपल्याकडे आणखी एका एक्स्टेन्शनचा उपयोग आहे. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आपल्याच मुळशी तालुक्यात आहे, पण ताम्हिणीच्या बाजूला गेलात तर फोनची रेंज शोधावी लागते. अशा ठिकाणी एक पान उघडताना मजकुराआधी जाहिराती येऊ लागतात. 'यूब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेन्शन जाहिराती मागवूच देत नाही, त्यामुळे पान लवकर उघडते आणि डेटा वाचतो. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे ते आता क्रोममध्ये चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालते. फोनवरील क्रोममध्ये तर एक्स्टेन्शनची सोयच नाही. अँड्रॉइड फोनवरील फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ पासून शेकडो एक्स्टेन्शन मिळू लागली आहेत.

पण दिसेल ते बसवू नका. एक्स्टेन्शन बसवताना ब्राउझर विचारतो, 'याला सर्व पानांवरील मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी द्यायची का?' हा प्रश्न घाईत पुढे सरकवण्यासारखा नाही. अक्षरांचे वळण बदलणारे एक्स्टेन्शन पान वाचणारच, त्याशिवाय त्याला काम करता येत नाही. पण साधे गणकयंत्र ही परवानगी मागू लागले, तर संशय घ्या. 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोमचे एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते आणि ते चांगलेही होते. २०२० मध्ये त्याचा मालक बदलला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक भाग आढळल्याचे सांगून ते काढून टाकले. म्हणून थोडीच एक्स्टेन्शन ठेवा आणि न लागणारी काढून टाका.

आता शेवटची गंमत. फायरफॉक्सच्या सूचना मराठीत आणि उर्दूतही मिळतात. स्वयंसेवकांनी त्यांचे भाषांतर केले आहे. भाषा उर्दू निवडली की शब्द तर बदलतातच, पण सगळी खिडकीच फिरते. मागे जाण्याचा बाण डावीकडून उजवीकडे येतो आणि नवे पान उजव्या बाजूने उघडू लागते, आपल्या वहीसारखे.