गाडीच्या केबिनमध्ये पाणी येतं कुठून?

पावसाळा सुरू झाला की गटांच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते, पिकअपच्या केबिनमध्ये पाणी साचतंय. आता आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गटांचा माल गाडीनं फिरतो. कोणाची डाळ, कोणाची हळद-मिरची, कोणाची मोसंबी जालन्याच्या मार्केट यार्डात जाते. काही गटांनी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली आहे, काही जणी गावातलाच छोटा हत्ती भाड्यानं लावतात. हौद्यावर ताडपत्री सगळ्याच बांधतात. केबिनची काळजी मात्र कोणी करत नाही. वर छप्पर आहे, चारी बाजूंनी काचा आहेत, तिथं पाणी कशाला येईल? आणि नेमकं तिथंच आपण गाडीची कागदपत्रं, गटाचं रजिस्टर, पावतीपुस्तक आणि भिजू नयेत अशी पाकिटं ठेवतो.

हे पाणी दिसायला थोडंच दिसतं. पायाखालचं मॅट ओलं झालं, फडक्यानं पुसलं, संपलं. पण बऱ्याच गाड्यांत मॅटखाली फोमचा किंवा नमद्यासारखा जाड थर असतो. तो पाणी पिऊन बसतो. वरून कोरडं वाटतं आणि खाली पंधरा-पंधरा दिवस ओल राहते. मग कुबट वास सुटतो, काचांना आतून वाफ धरते आणि खालचा पत्रा गंजायला लागतो. लोखंडाच्या कारखान्यांच्या जालन्यात राहणाऱ्यांना गंज काय करतो ते वेगळं सांगायला नको. वायरींचे जोड आणि फ्यूजचा डबा बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखालीच असतो. तिथं ओल गेली की आज हॉर्न बंद, उद्या वायपर बंद, असं सुरू होतं. रात्री मंठ्याहून परत येताना भर पावसात वायपर बंद पडणं म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलं त्यांना माहीत आहे.

तर पहिलं काम म्हणजे हे पाणी कसलं आहे ते ओळखणं. बोटाला लावून बघा, वास घ्या. चव मात्र कधीच घेऊ नका. साधं, पातळ, रंग नसलेलं पाणी असेल तर ते पावसाचं किंवा गाडी धुतलेलं असू शकतं. एसी असलेल्या गाडीत ते एसीचंही असतं. एसी चालू असताना गाडीखाली थेंब-थेंब पाणी पडायला हवं. खाली काहीच पडत नसेल आणि आत डॅशबोर्डखाली ओल असेल, तर एसीची पाणी बाहेर सोडणारी नळी मातीनं तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी रंगाचं, बोटाला चिकट-बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल, तर ते इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे. ते केबिनच्या हीटरमधून गळतं. कूलंट विषारी असतं आणि गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून लेकरांना आणि जनावरांना त्यापासून लांब ठेवा.

आणि ब्रेक-क्लचच्या पायपट्टीजवळ तेलकट ओल दिसली तर गाडी हलवूच नका. ते ब्रेकचं किंवा क्लचचं ऑइल असू शकतं. ऑइलच्या डबीतली पातळी बघा आणि मिस्त्रीला जागेवर बोलवा. माल उद्या गेला तरी चालेल.

बाकी राहिलं पावसाचं पाणी. इथंच सगळे फसतात, कारण पाणी जिथं दिसतं तिथूनच ते आत आलेलं असेल असं नाही. आपल्यातल्या ज्या माळवदाच्या घरात वाढल्या त्यांना हे लगेच कळेल. गळतं एका खणात, भोक असतं दुसऱ्याच खणावर. मधल्या वाटेनं पाणी तुळईच्या कडेनं चालत येतं. गाडीतही तसंच आहे. छपराच्या पत्र्याला आतून अस्तर लावलेलं असतं. त्याच्या मागं पाणी सरकतं, काचेच्या बाजूच्या पोकळ खांबातून खाली उतरतं आणि थेट पायाशी येऊन निघतं. गाडी चढावर उभी असेल तर मागं जातं, ब्रेक मारला की पुढं येतं. म्हणून एकाच भोकाचं पाणी आज डावीकडं तर उद्या सीटमागं सापडू शकतं.

आमच्या प्रभागातल्या एका गटात यावरून चांगलंच वाजलं होतं. हा गट मसाले आणि डाळी घेऊन आठवडी बाजार करतो, आणि गाडी गटातलीच एक ताई चालवते. प्रत्येक पावसानंतर डाव्या बाजूला पायाशी पाणी साचायचं. एकदा सीटखाली ठेवलेली हळदीची पाकिटं भिजली आणि रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटली. बायकांचं म्हणणं पडलं की ही काच उघडी टाकून घरी जाते. नुकसान तिच्या मानधनातून कापावं, असा विषय बैठकीत आला. ती रडवेली होऊन सांगत होती की काच लावली होती. त्याआधी एका गॅरेजवाल्यानं समोरच्या काचेचं रबर बदलून दिलं होतं, वर सिलिकॉनही फासलं होतं. पैसे गेले आणि पाणी तसंच राहिलं. आम्ही बैठकीत एवढंच म्हटलं की पैसे कापायचा ठराव लिहायच्या आधी गाडी तपासू, त्याला एक सकाळ पुरेल.

तपासायची रीत अशी. आधी गाडी पूर्ण कोरडी करायची. मॅट काढायचं, खालचा थर उचलून उन्हात टाकायचा, पत्रा पुसायचा. मग नुसतं बघायचं. पाणी वाळलं तरी माग ठेवून जातं, धुळीत ओघळ दिसतात, स्क्रूच्या डोक्याला गंज दिसतो. आपल्याकडच्या काळ्या मातीचा इथं उपयोग होतो. ओघळ काळा, चिखलाचा असेल आणि गाडी ओढ्यातून नेल्यावरच पाणी येत असेल, तर ते खालून येतंय. पत्र्याला खाली जी भोकं असतात त्यांची रबरी बुचं निघालेली असतील. ओघळ स्वच्छ असेल तर वर शोधायचं.

नंतर आतल्या खांबांवर, काचेच्या खालच्या कडेला, डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर कोरडी रांगोळी भुरभुरवायची. खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. पाण्याचा एक थेंब गेला तरी रांगोळीत वाट पडते आणि कुठला कागद आधी भिजला ते कळतं.

मग पाणी ओतायचं. एक जण बाहेर, एक जण आत मोबाइलची बॅटरी घेऊन, काचा-दारं बंद. हाताशी नळी असेल तर बारीक धार ठेवा, नसेल तर तांब्या आणि 2 बादल्या पुरतात. 2012-13 च्या दुष्काळात टँकरची वाट बघितलेल्या जिल्ह्यात गाडीवर पाण्याचे लोट सोडायला आमचं मन तसंही होत नाही. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा तर मुळीच मारू नका. त्या जोरानं चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसतं आणि नसलेलं भोक सापडतं.

सुरुवात खालून करायची आणि वर चढत जायचं. दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग समोरच्या काचेची खालची कड, मग बाजू, आणि छप्पर सगळ्यात शेवटी. प्रत्येक ठिकाणी निदान 5 ते 10 मिनिटं थांबायचं, कारण पाण्याला आतल्या आत चालत यायला वेळ लागतो. पहिल्यांदाच छपरावर ओतलं तर ते सगळीकडून खाली वाहतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही. ही घाई गॅरेजमध्येही होते.

दाराबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणींना नवी वाटेल. दाराच्या काचेजवळून थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच, गाडी तशीच बनवलेली असते. ते बाहेर पडायला दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. ती चिखलानं बुजली की पाणी पोटात साठतं. दार हलवून बघा, आत डुचमळल्याचा आवाज येईल. खराट्याच्या काडीनं भोकं मोकळी करा. फुकटात होणारी ही दुरुस्ती आहे. दाराच्या आतल्या फळीमागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन दुरुस्त करताना तो फाडून टाकतात आणि परत लावत नाहीत. मग पोटातलं पाणी सरळ पायाशी येतं. दाराचं रबर बघायचं असेल तर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. जिथं पट्टी सहज निघते तिथं रबर दबत नाही.

नाक पुढं असलेल्या पिकअपमध्ये वायपरखाली जाळी असते. आपल्या गाड्या कडुनिंबाखाली उभ्या असतात आणि तो पाला त्या जाळीखाली कुजून पाण्याची वाट बंद करतो. मग तुंबलेलं पाणी पंख्याच्या हवेच्या वाटेनं आत शिरतं. बॉनेट उघडून पाला हातानं काढायचा. ढकलून आत घालू नका.

काही गाड्या उभ्या असताना गळत नाहीत, पळताना गळतात. समृद्धी महामार्गावर जोरात गेलेल्या गाड्यांचे चालक हे सांगतात. वेगामुळे वारा पाणी दाबून फटीत घालतो. यासाठी पंखा बाहेरच्या हवेवर पूर्ण जोरात लावायचा, दारं-काचा बंद करायच्या आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. फट असेल तिथं बुडबुडे येतात. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात तसंच हे.

आता त्या गटाच्या गाडीकडे येऊ. दार कोरडं निघालं, जाळी कोरडी, काच कोरडी. काचेच्या रबरात काही दोष नव्हताच. छपरावर पाणी ओतल्यावर साधारण सात-आठ मिनिटांनी डाव्या खांबावरच्या रांगोळीत बारीक रेघ पडली. छपरावर बाजारात ओरडायचा भोंगा बसवला होता. त्याची वायर छपराला पाडलेल्या भोकातून आत घेतली होती आणि भोकाला ना रबर होतं ना काही. पाणी वायर धरून आत उतरत होतं, अस्तरामागून खांबात आणि खांबातून पायाशी. भोंगा गेल्या दिवाळीनंतर बसवलेला, आणि गळती त्यानंतरच्या पहिल्याच पावसापासूनची. चालक ताईनं त्या दिवशी काही बोलायचं टाळलं. तिचं मानधन कापायचा विषय रजिस्टरमध्ये गेला नाही, आणि अध्यक्षांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली हे आम्हाला बरं वाटलं.

दुरुस्तीत भोकाला रबरी बूच बसवलं आणि गाडीच्या पत्र्यासाठीचं सीलर भरलं. वायरीला भोकात जाण्याआधी खाली झोळ दिला. घरात वीज येते ती वायर भिंतीत शिरण्यापूर्वी अशीच खाली वाकवलेली असते. झोळाच्या तळाशी पाणी ठिबकून जातं, पुढं चढत नाही. सिलिकॉनचं एक सांगायला हवं. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नका, त्यानं गंज वाढतो. ओल्या किंवा धुळीच्या जागेवर कुठलंही सीलर धरत नाही. आणि कुठून गळतंय ते सापडायच्या आधी सगळीकडे सिलिकॉन फासून घेणं म्हणजे पाण्याची बाहेर जायची वाटही बुजवणं.

काच गाडीला चिकटवून बसवलेली असेल आणि तिथूनच गळत असेल, तर ते काम काचवाल्याचंच. ती काढून, गंज घासून, परत चिकटवावी लागते. वरून फासलेलं टिकत नाही. कुठल्याही गॅरेजला गाडी देताना "पाणी येतंय" एवढंच सांगू नका. "डाव्या खांबातून येतंय, छपरावर ओतल्यावर सात मिनिटांनी" असं कागदावर लिहून द्या आणि गाडी परत घेताना तिथंच तांब्याभर पाणी ओतून बघा.

मॅट आणि खालचा थर लगेच बसवू नका. पत्र्यावर गंज धरला असेल तो घासून रंग लावा, फ्यूजच्या डब्यात ओल दिसली तर बॅटरीची वायर काढून मिस्त्रीकडून साफ करून घ्या. दोन चांगले पाऊस जाऊ द्या, तोवर पत्र्यावर वर्तमानपत्रं राहू द्या आणि रजिस्टर झाकणाच्या डब्यात. दुसऱ्या पावसानंतरही कागद कोरडे निघाले की मग मॅट घाला.