जुन्या गाडीचे ब्रेक



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा असे भारदस्त विषय यावेत हा शिरस्ता आहे. आमचा विषय त्या मानाने काळ्या तेलाने माखलेला आहे. परंतु सावेडीत पाइपलाइन रोडपासून भिस्तबागेपर्यंत हिंडले तर एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये आच्छादन घालून जपलेली फियाट किंवा अँबॅसिडर अजूनही दिसते. रविवारी ती बाहेर निघते आणि घरची नातवंडे तीत बसतात, म्हणून हा विषय येथे मांडण्याचे धाडस केले.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. काही वर्षांपूर्वी ती घेऊन आम्ही करंजी घाट उतरत होतो. गाडीत पाच माणसे आणि मागे सामान. तिसऱ्या-चौथ्या वळणावर करपल्यासारखा वास येऊ लागला. पुढच्या वळणावर पाय पूर्वीइतकाच दाबला, पण गाडी पूर्वीसारखी थांबेना. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला गाडी घासत उभी केली. मागे बसलेल्या आईने एवढेच विचारले, "पोहोचलो का रे?"

हे का झाले ते आधी समजून घेऊ. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी पातेले. आत दोन अर्धचंद्राकृती शू असतात आणि ते बाहेर फाकून पातेल्याला घासतात. त्यात एक मोठी गंमत आहे. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला तोंड असलेला शू घर्षणामुळे आपण होऊनच ड्रममध्ये अधिक रुततो. पायाचा जोर थोडा, परिणाम मोठा. म्हणूनच बूस्टर नसतानाही ती गाडी आपल्या पायाने थांबे. परंतु ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर सरकतो, आणि लायनरची पकडही कमी होते. उष्णता पातेल्यात कोंडलेली राहते ती वेगळीच.

उष्णता किती? माणसांसह गाडी ११०० किलो धरा. ताशी ६० किलोमीटर वेगावरून ती एकदा थांबवली तर सुमारे दीड लाख ज्यूल उष्णता होते. तीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट उतरली तर बत्तीस लाख ज्यूल, म्हणजे एकवीस वेळा करकचून थांबण्याइतकी. इंजिनाने यातला वाटा उचलावा म्हणून खालचा गिअर. पेट्रोल वाचते म्हणून घाटात गाडी न्यूट्रल करणारे महाभाग आहेत. ते हा सारा बोजा चार पातेल्यांवर टाकतात.

डिस्क ब्रेकमध्ये उघडी तबकडी फिरते आणि कॅलिपरमधील दोन पॅड तिला चिमटीत धरतात. वारा थेट लागतो. तापून तबकडी जाड झाली तर पॅडकडेच येते, दूर जात नाही. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. पण १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकांवर जिंकली तेव्हा जगाचे डोळे उघडले. आपल्या पद्मिनीला मात्र चारही चाकांना ड्रमच राहिले. आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी आहे, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, पुढच्या चाकांना ब्रेक असावेत हा विचारच १९२० नंतर रुळला. त्या मानाने आपण सुखी.

तर आम्ही डिस्क बसवायचे ठरवले, आणि येथे आमची फजिती झाली. एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही, माणूस कष्टाळू होता) पुढच्या चाकांना जुन्या बाजारातले कॅलिपर आणि डिस्क बसवून दिले. बाकी सारे मूळचेच ठेवले. गाडी चालू लागली, पण दहा किलोमीटरवर पुढची चाके हात लावू नये इतकी तापली आणि थोड्याच वेळात पेडल स्पंजासारखे खाली गेले.

दोष कॅलिपरचा नव्हता. ड्रम ब्रेकांसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरात बहुधा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या घट्ट बसून राहतात. ड्रममध्ये हे चालते, कारण तेथे शू मागे खेचायला दणकट स्प्रिंगा असतात. डिस्कला स्प्रिंग नाही. पिस्टनभोवतीचे रबरी सील किंचित पिळलेले असते, ते सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते, एवढेच. नळीत दाब शिल्लक राहिला की तेवढेही होत नाही आणि पॅड तबकडीला चिकटून राहतात. पुढे ब्रेक ऑइल उकळते. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांना उकळते. हवेतील ओलावा पिऊन जुने झालेले तेल १४० अंशांच्या आसपासच. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही, म्हणून पेडल खाली जाते. म्हणजे ज्या संकटातून सुटण्यासाठी पैसे खर्च केले, तेच दुसऱ्या दाराने आत आले.

म्हणून आमचा आग्रह असा की, स्वस्तात काम करायचे असेल तर सुटे सुटे भाग गोळा करू नयेत. एकाच प्रकारच्या गाडीचा कॅलिपर, डिस्क, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर असा पूर्ण संच घ्यावा. शेवटच्या काळातील काही अँबॅसिडरांना पुढे डिस्क होते. त्या गाडीच्या मालकाला आपल्याच घराण्यातला माल मिळू शकतो. बूस्टर चैनीचा नाही. शूसारखे आपोआप रुतणे डिस्कला येत नाही, त्यामुळे तेवढा जोर कोणीतरी पुरवावाच लागतो. बूस्टरला जागा नसेल तर लहान व्यासाचा मास्टर सिलिंडर हा एक उपाय असतो. २२ मिलिमीटरऐवजी १९ घेतला तर त्याच पायाने दाब एक-तृतीयांश वाढतो. पण पेडलही तेवढेच अधिक खोल जाते, आणि कॅलिपरला तेल तर जास्तच लागते. फुकट काही मिळत नाही. जमल्यास दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर घ्यावा, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाके हाताशी राहतात.

कॅलिपर धरणारी पट्टी हा सर्वांत नाजूक भाग. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास चांगला लेथवाला गाठावा आणि जाड पोलादी पट्टी मापाने कातून घ्यावी. स्टब अॅक्सलवर वेल्डिंग करू देऊ नये, कितीही आग्रह झाला तरी. चाक बसवून रिम कॅलिपरला घासत नाही ना, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर रबरी होज ताणली जात नाही ना, हे हाताने तपासावे. हवा काढण्याचा निपल कॅलिपरच्या वरच्या अंगालाच यायला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की तो खाली जातो, हवा वर अडकते, आणि मग माणसे दिवसभर पेडल मारत बसतात.

डिस्क जुनी चालेल, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा झिजलेली नसावी. पॅड, सील, होज आणि तेल मात्र नवेच. काटकसर मागच्या चाकांवर करा. गाडी थांबताना वजन पुढे झुकते, त्यामुळे मोठे काम पुढचीच चाके करतात. मागे ड्रम ठेवले तर खर्च निम्मा होतो आणि हँडब्रेकही जागेवर राहतो. फक्त रिकाम्या रस्त्यावर बेताच्या वेगाने परीक्षा घ्या. मागची चाके आधी लॉक होत असतील तर गाडी गरकन फिरेल. तेव्हा मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावल्यावाचून घाटात जाऊ नये.

कायद्याचाही एक शब्द. ज्यांची गाडी पन्नास वर्षांवरची आहे आणि ज्यांना २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी हवी आहे, त्यांनी मूळ रूप राखले पाहिजे. नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांचा उल्लेख आहे, ब्रेकचा नावाने नाही. तरी आधी परिवहन कार्यालयात विचारावे, आणि काढलेले ड्रम भंगारात न देता तेल लावून ठेवावेत. आमचे माळ्यावर आहेत.

दुसऱ्या खेपेला संच पूर्ण बसवून आम्ही तोच घाट पुन्हा उतरलो. वास आला नाही. पेडल तळाशी गेले नाही. डावीकडचे पॅड मात्र उजवीकडच्यापेक्षा लवकर झिजते आहे. कॅलिपरची सरकती पिन सुकली असावी असा आमचा कयास आहे. येत्या रविवारी चाक उतरवून पाहणार आहोत.