सौरपंपाच्या कंट्रोलरमधील स्पंद आणि त्यांचा ड्रायव्हर

निरा डावा कालवा आणि उजनीचा पाणफुगवटा यांच्या आधाराने बागायत झालेल्या इंदापूर तालुक्यात, वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्दच्या परिसरात, उसाला पाणी देणे हा पाण्याइतकाच विजेच्या वेळेचाही प्रश्न राहिला आहे. २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेनंतर राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली, आणि दहा टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के) हिस्सा भरून ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळण्याची सोय झाली. पॅनेलांची चर्चा होते. खरे कसब मात्र कंट्रोलरच्या पेटीत असते.

पॅनेलांकडून येणारी वीज एकदिश असते, तर थ्री फेज मोटारीला प्रत्यावर्ती वीज लागते. त्यासाठी सहा आयजीबीटी, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, वर-खाली अशा तीन जोड्यांत बसवतात. प्रत्येक जोडी सेकंदाला हजारो वेळा उघडते-मिटते आणि प्रत्येक स्पंदाची रुंदी अशी कमी-जास्त केली जाते की मोटारीच्या वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाह साइन लहरीसारखा होतो. ऊन कमी झाले की कंट्रोलर वारंवारता आणि व्होल्टेज दोन्ही उतरवतो, त्यामुळे मोटार बंद न पडता सावकाश फिरते.

स्पंदाची रुंदी मायक्रोकंट्रोलर ठरवतो, पण त्याच्या पायातून जेमतेम २० मिलिअँपिअर मिळतात. आयजीबीटीचे गेट कपॅसिटरसारखे वागते. ते भरायला १०० नॅनोकूलोंब लागत असतील, तर या प्रवाहाने ५ मायक्रोसेकंद जातील आणि त्या अर्धवट अवस्थेत ट्रान्झिस्टर तापून निकामी होऊ शकेल. म्हणून मध्ये ड्रायव्हर येतो: एक एनपीएन आणि एक पीएनपी ट्रान्झिस्टर एकमेकांवर रचलेली टोटेम-पोल जोडणी, ज्यात पहिला १५ व्होल्टने गेट भरतो, दुसरा ते रिकामे करतो, आणि वेग गेटच्या रेझिस्टरने आवरला जातो.

जोडीतले दोन्ही आयजीबीटी क्षणभरही एकत्र चालू राहिले, तर पुरवठा थेट शॉर्ट होतो. म्हणून एक मिटल्यावर दुसरा उघडण्यापूर्वी दोन-तीन मायक्रोसेकंद थांबतात. स्पंद त्याहून अरुंद असेल तर तो गेटपर्यंत पोचतच नाही, आणि मंद वेगात प्रवाहाची लहर बिघडते.

वरच्या आयजीबीटीची अडचण अधिक गहन आहे. त्याचा एमिटर शून्य आणि पॅनेलांच्या पूर्ण व्होल्टेजमध्ये उड्या मारत असल्याने त्याच्या गेटला त्याहून १५ व्होल्ट वरचा पुरवठा लागतो. स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे डायोड व बूटस्ट्रॅप कपॅसिटर. परंतु हा कपॅसिटर खालचा आयजीबीटी चालू असतानाच भरतो, त्यामुळे वरचा स्पंद शंभर टक्क्यांपर्यंत रुंद करून तसाच ठेवता येत नाही. ड्रायव्हरची रचना अशा रीतीने रुंदीची मर्यादा ठरवते, हे आराखड्यात आधीच धरावे लागते. या रचनेच्या कंट्रोलरमध्ये मोटारीला पहिला स्पंद देण्यापूर्वी खालचे तिन्ही आयजीबीटी थोडा वेळ चालू करून तिन्ही कपॅसिटर भरून घेतले जातात.