पैशांवरचा पूल : खेळ, पैज आणि हात

शब्द मुळात पैशाचाच
‘पूल’ म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेली रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांवर पैसे लावण्याच्या जागेला ‘पूलरूम’ म्हणत. दोन शर्यतींमधला वेळ जावा म्हणून तिथं बिलियर्ड्सची टेबलं आली आणि ते नाव खेळाला चिकटलं. आपल्या जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये १८७५ साली स्नूकर जन्मला, तोही पैशांवर चालणाऱ्या ‘ब्लॅक पूल’मध्ये रंगीत चेंडूंची भर पडून.

हसलर कोण?
आपला हात मुद्दाम कच्चा दाखवून समोरच्याला मोठी रक्कम लावायला भाग पाडणारा. उघड पैज लावणारा वेगळा. तो कमकुवत खेळाडूला आधीच काही डावांची सूट देतो.

एक जबर लढत
हाँगकाँग, १९९६. आधी १२० डाव जिंकेल त्याला १ लाख डॉलर, हरणाऱ्याला शून्य. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसनं अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलँडला १२०-११७ असं हरवलं. ही रक्कम बक्षिसाची होती, पैजेची नव्हे. मात्र रेयेस घडला तो मनिलाच्या पूल हॉलमध्ये, पोरवयापासून पैशांवर खेळत.

दडपणानं हात सुधारतो?
• १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात चार प्रेक्षक टेबलाजवळ उभे राहिले.
• चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले.
• कच्च्यांचे ३६ वरून २५ टक्क्यांवर घसरले.
• लक्षात घ्यावं : तिथं फक्त नजरा होत्या, पैसा नव्हता.