म्हाताऱ्या कुत्र्याचे जोडरोग : वेळीच ओळखा

मळ्यातील वस्तीवर रात्रभर राखण करणारा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की सुस्तावतो. 'वय झाले' म्हणून आपण दुर्लक्ष करतो. परंतु म्हातारपण हा रोग नव्हे. या वयात पुष्कळदा दोन-तीन विकार एकाच वेळी असतात आणि एकावरील उपाय दुसऱ्याला मारक ठरतो.

नेहमी आढळणारे जोडरोग

लठ्ठपणा व संधिवात : वजनामुळे सांध्यांवर ताण येतो. दुखण्यामुळे कुत्रा हिंडत नाही, त्यामुळे वजन आणखी वाढते.

मधुमेह व मोतीबिंदू : रक्तातील साखर वाढल्याने डोळ्याचे भिंग पांढरे होते व दृष्टी जाते. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना पुढे मोतीबिंदू होतो.

मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब व पंडुरोग : मूत्रपिंडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. नंतर कुत्रा जास्त पाणी पितो व वारंवार लघवी करतो. मधुमेहातही हेच लक्षण दिसते. म्हणून रक्त व लघवी तपासल्याशिवाय निदान होत नाही.

दातांवरील किटण : हिरड्या सुजून खाणे कमी होते. वजन घटण्याचे कारण दात की मूत्रपिंड, हे तपासणीनेच कळते.

ही चूक टाळा

कुत्रा लंगडतो म्हणून घरातील आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देऊ नका. तिने जठरात व्रण होतात आणि आधीच दुबळे झालेले मूत्रपिंड पूर्ण बंद पडू शकते. दुखण्यावरील औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

काय करावे?

१) सातव्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करून वजनाची नोंद ठेवावी.

२) पाणी मोजून ठेवावे. दर किलो वजनास दिवसाला १०० मि.लि.हून अधिक, म्हणजे २० किलोचा कुत्रा २ लिटरपेक्षा जास्त पाणी पीत असल्यास दवाखान्यात न्यावे.

३) लघवी जास्त होते म्हणून पाणी तोडू नये.

४) तेथे एकच तक्रार न सांगता लंगडणे, तहान, भूक, खोकला, दृष्टी आणि चालू औषधे ही सर्व माहिती द्यावी.

५) गोचीड निर्मूलन व रेबीजची लस म्हातारपणीही चुकवू नये.

राखणदाराचे सर्व विकार एकत्र तपासून उपचार केल्यास त्याची अखेरची वर्षे सुखाची जातात.