वनस्पतिद्रव्यावरील पूर्वसंस्कार

उसाचा रस आणि उसाचे चिपाड या दोहोंतही शर्करा असते. रसातील साखरेचे यीस्ट सहज मद्यार्कात रूपांतर करते. चिपाडातील शर्करा मात्र तशी हाती लागत नाही. हा भेद कशामुळे पडतो व तो दूर कसा करता येतो, याचे विवेचन प्रस्तुत टिपणात करावयाचे आहे.

वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत तीन द्रव्ये प्रमुख होत : ग्लुकोजच्या दीर्घ साखळ्यांनी बनलेले सेल्युलोज, त्यास वेढणारे हेमिसेल्युलोज आणि या दोहोंस जखडून ठेवणारे लिग्निन. पहिल्या दोहोंपासून शर्करा मिळते, लिग्निनपासून मिळत नाही. सेल्युलोजचे विघटन करणारी एंझाइमे ज्ञात आहेत. तथापि हा तट भेदल्यावाचून त्यांचा आत पुरेसा प्रवेश होत नाही. या भेदनक्रियेस ‘पूर्वसंस्कार’ म्हणणे उचित होय. आयुर्वेदातही द्रव्याच्या ठायी गुणांतर घडविणाऱ्या क्रियेस ‘संस्कार’ हीच संज्ञा आहे.

या क्रियेच्या रीती अनेक आहेत. विरल गंधकाम्लासह सुमारे १४० ते २०० अंश सेल्सियसपर्यंत तापविल्यास हेमिसेल्युलोज विरघळते. दाहक सोड्यासारखी अल्कली मुख्यतः लिग्निन काढून टाकते. तिसऱ्या रीतीत उच्च दाबाची वाफ काही मिनिटे देऊन दाब एकाएकी उतरवितात. त्यायोगे तंतू फुटून विलग होतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत विल्यम मेसन यांनी लाकडाच्या ढलप्यांपासून फळ्या बनविण्यासाठी हीच युक्ती योजिली होती.

खरी अडचण मात्रेची आहे. संस्कार सौम्य झाला तर तट अभंग राहतो. तीव्र झाला तर मुक्त झालेली शर्कराच नष्ट होते. हेमिसेल्युलोजमधील झायलोजपासून फुरफुराल बनते व ते यीस्टच्या वाढीस बाधक ठरते. म्हणजे शर्करेची हानी होते, आणि उरलेल्या शर्करेच्या किण्वनातही विघ्न येते. शिवाय नेहमीच्या यीस्टला झायलोज पचत नाही, म्हणून त्यासाठी निराळे सूक्ष्मजीव योजावे लागतात.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. हरियाणात पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनविणाऱ्या प्रकल्पाचे १० ऑगस्ट २०२२ रोजी लोकार्पण झाले; त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज उद्योगसंस्थेचे आहे. शेतात जाळला जाणारा पेंढा तेथे कच्चा माल ठरतो. मात्र पेंढ्याबरोबर मातीही येते, आणि त्यातील सिलिका यंत्रे झिजविते. तेव्हा तट किती फुटला, यावरून पूर्वसंस्काराची परीक्षा होत नाही; किण्वनास योग्य अशी शर्करा किती खर्चात हाती आली, हीच त्याची खरी कसोटी होय.